कॅनडाच्या अभिलेखागारांतली जुनी पत्रं, चिकटवह्या आणि आठवणीच्या वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मामा १९७१ साली विनिपेगला गेला. त्याच्या पत्रांचा गठ्ठा आईच्या कपाटात होता, आणि तो उलगडता उलगडता मी कॅनडातल्या अभिलेखागारांपर्यंत पोचले. आता ओळखीपाळखीतून लोक याच विषयावर विचारत राहतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे देते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

अभिलेखागार म्हणजे सरकारी कागदांचा दप्तरखानाच ना?

अर्धं बरोबर. ओटावातलं राष्ट्रीय अभिलेखागार १८७२ साली सुरू झालं, तेही शेतकी खात्याच्या आधाराने. डग्लस ब्रिम्नर नावाच्या पत्रकाराला नेमलं आणि त्याच्या ताब्यात तीन रिकाम्या खोल्या दिल्या. देश तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता आणि त्याच्या इतिहासाचे कितीतरी कागद लंडन-पॅरिसमध्ये पडलेले. मग तिकडे नकलनवीस बसवून हाताने नकला उतरवून घेणं हेच पुढची कित्येक वर्षं मोठं काम होऊन बसलं. २००४ मध्ये हे अभिलेखागार आणि राष्ट्रीय ग्रंथालय एक झालं. आजचं नाव ‘लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा’.

उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. सरकारी आणि खासगी कागद एकाच छपराखाली जपायचे, ही कॅनडाची जुनी रीत. त्यामुळे पंतप्रधानांच्या फायली जिथे असतात तिथेच एखाद्या शेतकरणीने बहिणीला लिहिलेली पत्रंही असतात. अमेरिकेत हे दोन प्रकार सहसा वेगवेगळ्या संस्थांकडे जातात.

शिवाय प्रत्येक प्रांताचं स्वतःचं अभिलेखागार आहे. ओंटारिओचं १९०३ पासून, टोरोंटोत. मॅनिटोबाचं विनिपेगला, नोव्हा स्कोशियाचं हॅलिफॅक्सला. क्वेबेकमध्ये ग्रंथालय आणि अभिलेखागार एकत्र आहे. त्याखाली शहरांची, विद्यापीठांची, चर्चची, छोट्या गावांची. तुम्हाला हवं ते पत्र ओटावातच असेल असं धरून चालू नका.

पत्रं समजू शकते. पण बाहुल्या, बूट, वाळलेली फुलं अभिलेखागारात कशाला?

बहुतेक वस्तू संग्रहालयांकडे जातात, कागद अभिलेखागारांकडे. पण ही वाटणी माणसांच्या आयुष्यात नसते. पत्रासोबत फूल येतं, फुलासोबत केसांची बट. एक उदाहरण सांगते, म्हणजे वस्तू आणि पत्रं एकत्र का राहायला हवीत ते कळेल.

क्वेबेकमधल्या ईस्ट फार्नम गावचा शेतकरी लॉरेन्स रॉजर्स पहिल्या महायुद्धात युरोपात गेला. घरी बायको मे, दहा वर्षांची मुलगी आयलीन आणि धाकटा मुलगा. आयलीनने १९१६ मध्ये वडिलांना आपलं छोटंसं टेडी अस्वल पाठवलं, त्यांना सांभाळायला. रॉजर्सने घरी शेकडो पत्रं लिहिली. एका पत्रात त्याने अस्वलाची खबर दिली आहे : ते मळलं आहे, मागचे पाय सैल झाले आहेत, पण अजून माझ्याजवळ आहे, आयलीनसाठी मी ते जपून ठेवीन. ३० ऑक्टोबर १९१७ रोजी पॅशनडेलच्या लढाईत तो मारला गेला. अस्वल त्याच्याजवळ सापडलं आणि घरी परत आलं.

पुढे नातीला घरातल्या एका जुन्या ब्रीफकेसमध्ये ही पत्रं आणि ते अस्वल मिळालं. आता दोन्ही ओटावाच्या कॅनेडियन वॉर म्युझियममध्ये आहेत. अस्वलाचे मागचे पाय नाहीत, डोळे नाहीत. पत्रं नसती तर तळहाताएवढ्या या तुटक्या खेळण्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं, आणि अस्वल नसतं तर पत्रातली ती दोन वाक्यं आपण वाचून पुढे गेलो असतो. मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळते. पत्राला अर्थ येतो तो ते कशाच्या शेजारी पडलं होतं त्यावरून, आणि अभिलेखागाराचं खरं काम ते शेजारपण टिकवणं हे आहे.

सूचीत ‘फाँ’ असा शब्द सारखा दिसतो. त्याचा अर्थ काय?

मूळ फ्रेंच शब्द (fonds) आहे. शेवटचा ‘ड्स’ उच्चारत नाहीत. एका माणसाच्या, कुटुंबाच्या किंवा संस्थेच्या हातून जगता जगता जे कागद साठले ते सगळं मिळून त्यांचं एक ‘फाँ’. आपल्या जुन्या घराण्यांची दप्तरं आठवा, एकेका रुमालात बांधलेली. तीच कल्पना.

नियम दोन. एकाच्या दप्तरात दुसऱ्याचे कागद मिसळायचे नाहीत. आणि मालकाने कागद ज्या क्रमाने ठेवले होते तो क्रम मोडायचा नाही. म्हणून शोधताना ‘लग्न’, ‘थंडी’, ‘आजार’ असे विषय घालून फारसं हाती लागत नाही. कुणी लिहिलं असेल, कुणाला लिहिलं असेल, असा विचार करून नाव शोधावं लागतं. पहिल्यांदा वैताग येतो. नंतर लक्षात येतं की विषयवार लावणाऱ्याने आपल्या मर्जीने इतिहास लावला असता.

कधी पोचलीच नाहीत अशी पत्रंही जपली आहेत, हे खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते कॅनडातला हा सर्वांत हलवून टाकणारा पत्रसंग्रह आहे.

हडसन्स बे कंपनी १६७० च्या राजसनदेने सुरू झाली. फरचा व्यापार करणारी ही कंपनी कागद जपण्यात काटेकोर होती. तिची माणसं पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पसरलेली. लंडनहून निघालेलं जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून तिथे पोचायला सहा-आठ महिने घेई. घरच्यांनी लिहिलेलं पत्र त्या जहाजावर चढे. तोवर ज्याच्यासाठी लिहिलं तो खलाशी बुडालेला असे, किंवा पळून गेलेला, किंवा दुसऱ्याच जहाजाने घराकडे निघालेला. पत्र तसंच उलट फिरून लंडनच्या कचेरीत येई. कंपनीने ती फेकून दिली नाहीत. १८३० ते १८५७ या काळातली अशी दोनशेहून जास्त पत्रं राहिली.

लिहिणारे बहुतेक गरीब लोक. आया, बहिणी, बायका, वाट पाहणाऱ्या प्रेयसी. ज्यांचं लिहिलेलं एरवी टिकत नाही असे. पोचलेलं पत्र खिशात चुरगळतं, भिजतं, माणसाबरोबर संपतं. न पोचल्यामुळेच ही पत्रं राहिली. आईने मुलाला लिहिलेले शब्द मुलाने कधी वाचले नाहीत आणि आपण वाचतो आहोत, हे वाचताना मनातून जात नाही.

कंपनीचे सगळे कागद १९७४ मध्ये लंडनहून विनिपेगला आले आणि १९९४ मध्ये कंपनीने ते मॅनिटोबा प्रांताला देऊन टाकले. २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत त्यांची नोंद झाली.

काही जुन्या पत्रांवर आधी आडव्या ओळी आणि मग त्यांच्यावरूनच उभ्या ओळी लिहिलेल्या दिसतात. ते का?

टपालखर्च. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टपाल कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर मोजलं जाई, आणि पुष्कळदा पत्र घेणाऱ्याला पैसे द्यावे लागत. म्हणून एकच कागद घ्यायचा, भरला की तो फिरवायचा आणि लिहिलेल्यावरूनच काटकोनात पुन्हा लिहायचं. जंगल तोडून वसलेल्या ओंटारिओतल्या इंग्रज स्त्रियांची अशी पत्रं पुष्कळ आहेत. कॅनडातल्या वसाहतींनी टपालाचा कारभार १८५१ मध्ये हातात घेतला आणि त्याच वर्षी बीव्हर प्राण्याचं चित्र असलेलं तीन पेन्सचं पहिलं तिकीट निघालं.

वाचायला युक्ती एकच : एका दिशेच्या ओळींवर नजर ठेवायची आणि दुसरी दिशा विसरायची. मोडी वाचायला शिकलेल्यांना हा सराव जड जाऊ नये. पहिला तास काहीच लागत नाही, मग अचानक एक शब्द लागतो आणि त्याच्या पाठोपाठ दहा.

पाकीट जपायची गरज असते का? पत्र तर आत आहे.

असते. कृपया जपा.

पाकिटावर पत्ता असतो, शिक्का असतो, तारीख असते. कित्येकजण पत्रात फक्त ‘मंगळवार’ एवढंच लिहितात. युद्धातल्या पत्रांचं तर विचारायलाच नको. आघाडीवरच्या पत्रांवर सेन्सॉरची नजर असे, त्यामुळे जागा म्हणून ‘फ्रान्समध्ये कुठेतरी’ इतकंच. पाकिटावरचे शिक्के हाच मग धागा.

मी आठ वर्षांची असताना मामाच्या पत्रांची पाकिटं वाटीभर पाण्यात भिजवून तिकिटं सोडवून घेतली आणि पाकिटं टाकून दिली. तिकिटांची वही अजून आहे. पण मामाने पहिल्या दोन वर्षांत चार घरं बदलली आणि कुठलं पत्र कुठल्या घरातून आलं हे आता कुणालाही सांगता येत नाही. तो गेला, आईही गेली. त्या पाकिटांची हळहळ मला आजही वाटते, म्हणून प्रत्येकाला सांगते.

चिकटवहीला अभिलेखागारात एवढा मान का?

कारण ती आत्मचरित्रच असते, फक्त कात्री-गोंदाने लिहिलेलं.

ल्यूसी मॉड माँटगोमेरी ही प्रिन्स एडवर्ड बेटावरची लेखिका. तिची लाल केसांची नायिका अॅन १९०८ मध्ये ‘अॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ या पुस्तकातून आली आणि जगभर गेली. पण त्याआधीपासून माँटगोमेरी चिकटवह्या करत होती. वाळवलेली फुलं, कापडाचे तुकडे, मासिकांतली चित्रं, कार्डं, वर्तमानपत्राची कात्रणं. बेटावरच्या काळातल्या तिच्या दोन चिकटवह्या शार्लटटाउनच्या कॉन्फेडरेशन सेंटरच्या कलादालनात आहेत. तिच्या रोजनिश्या मात्र ओंटारिओत, ग्वेल्फ विद्यापीठाच्या अभिलेखागारात. १८८९ ते १९४२ एवढ्या काळाच्या दहा जाडजूड वह्या.

इथे एक मजेशीर अडचण आहे. १९१९ नंतर तिने जुन्या रोजनिश्या स्वतः नव्या वह्यांत उतरवून काढल्या. उतरवताना काय गाळलं, काय बदललं, कोण जाणे. चिकटवहीतलं फूल मात्र त्या दिवशी खुडलेलंच आहे. एका पानावर कापडाचा तुकडा आणि त्याच्या शेजारी एखादं चित्र का चिकटवलं, हे तिने प्रत्येक वेळी लिहिलेलं नाही. अभ्यासक रोजनिशी आणि चिकटवही शेजारी ठेवून ते उलगडतात. सुटं फूल पाहून काहीच उलगडलं नसतं.

दुसरं उदाहरण गावांचं. ओंटारिओत ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ ही ग्रामीण बायकांची संघटना १८९७ मध्ये स्टोनी क्रीक गावात सुरू झाली. गव्हर्नर-जनरलची पत्नी लेडी ट्वीड्समुर यांनी या बायकांना गावाच्या आठवणी लिहून ठेवायला सुचवलं होतं. त्यातून १९४७ पासून गावोगावच्या शाखांनी ‘ट्वीड्समुर हिस्टरी’ नावाच्या वह्या करायला घेतल्या. कुठलं शेत कुणाकडून कुणाकडे गेलं, शाळेत कोण मास्तर होते, गिरणी कधी जळाली, लग्नाचे फोटो, मृत्यूची कात्रणं. सारं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलेलं. ओंटारिओतलं एखादं नामशेष गाव शोधायचं असेल तर मी आधी या वह्यांकडे जायला सांगते. त्यात सांगोवांगीही असते, तारखा चुकतात. पण त्या गावाने स्वतःला कसं आठवलं हे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

चिकटवही खराब होत असेल तर कात्रणं सोडवून वेगळी का ठेवत नाहीत?

जपणाऱ्यांना हा पेच रोजचा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल तयार होतं आणि तो पिवळा पडून शेजारच्या पानालाही डाग देतो. गोंद सुकून कडक होतो. पानापानाला वेगळा पदार्थ : कागद, कापड, फोटो, पान. प्रत्येकाला हवा तसा थंडावा आणि ओलावा वेगळा. सुटं केलं तर प्रत्येक तुकडा जास्त जगेल, पण वही मरेल. म्हणून शक्यतो वही तशीच ठेवतात, पानांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद घालतात, पानापानाचे फोटो घेतात आणि मूळ वही क्वचितच वाचकाच्या हाती देतात. क्वेबेक प्रांतातल्या गॅटिनोमध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचं जतन केंद्र १९९७ मध्ये उघडलं. तिथे अशा कामासाठी प्रयोगशाळा आहेत आणि तापमान-ओलावा राखणारे ४८ कक्ष.

पहिल्या महायुद्धातल्या एखाद्या सैनिकाची माहिती कुठे मिळेल?

इथे कॅनडाने जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पहिल्या महायुद्धातल्या कॅनेडियन फौजेच्या ६,२२,००० हून जास्त वैयक्तिक फायली राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन केल्या. काम २०१८ मध्ये पुरं झालं, तीन कोटींवर प्रतिमा झाल्या, आणि सगळं विनामूल्य. फायलीत भरतीचा अर्ज, उंची, धर्म, जखमा, पगार, कधी मृत्युपत्रही असतं. पत्रं सहसा नसतात.

पत्रांसाठी नानायमोच्या व्हँकुव्हर आयलंड विद्यापीठाचा ‘कॅनेडियन लेटर्स अँड इमेजेस’ प्रकल्प पाहा. २००० साली सुरू झाला. लोक घरातली पत्रं उसनी देतात, तिथले लोक ती स्कॅन करून परत पाठवतात. प्रसिद्ध माणूसच हवा, भाषा शुद्धच हवी अशी अट नाही. त्यामुळे चिखल, उवा, मोज्यांची मागणी आणि आईच्या केकची आठवण असलेली साधी पत्रंच तिथे जास्त भेटतात.

फायली आणि वस्तू एकत्र आल्या की काय होतं त्याचं एक उदाहरण भारताशी जोडलेलं आहे. बुकम सिंग हा पंजाबातून गेलेला तरुण कॅनेडियन फौजेतून लढला, युरोपात जखमी झाला, क्षयाने १९१९ मध्ये वारला. किचनर शहरात त्याची कबर आहे. जवळपास नव्वद वर्षांनी त्याचं विजयपदक इंग्लंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडलं. पदकाच्या कडेवर नाव आणि क्रमांक कोरलेला होता, आणि त्यावरून कॅनडातली त्याची फाईल निघाली, मग कबर. आज तिथे दरवर्षी लोक जमतात.

नावच माहीत नसलेल्या माणसाची वस्तू कशी ओळखतात?

हॅलिफॅक्सने याची फार कठीण परीक्षा दिली आहे. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर मृतदेह शोधायला याच बंदरातून जहाजं गेली. प्रत्येक देहाला एक क्रमांक, त्याच्या खिशातल्या वस्तूंच्या पिशवीला तोच क्रमांक, आणि वहीत त्याच क्रमांकाखाली बारीक वर्णन. या नोंदी नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागारात आहेत. पाच वर्षांनी, ६ डिसेंबर १९१७ रोजी, बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन सुमारे दोन हजार माणसं गेली, तेव्हा हीच पद्धत पुन्हा वापरावी लागली.

टायटॅनिकच्या चौथ्या क्रमांकाचा देह एका लहान मुलाचा होता. मृतांचे कपडे स्मरणवस्तू म्हणून कुणी लांबवू नयेत म्हणून ते जाळत. एका पोलीस सार्जंटला मात्र त्या मुलाचे छोटे बूट जाळवेनात. त्याने ते टेबलाच्या खणात ठेवले. नव्वद वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच्या नातवाने ते हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयाला दिले. त्या वेळी डीएनए चाचणीवरून तो मुलगा तेरा महिन्यांचा फिनिश बाळ समजला गेला होता. पण बूट एवढ्या लहान मुलाचे नव्हते. पुन्हा तपासणी झाली आणि तो एकोणीस महिन्यांचा सिडनी गुडविन ठरला. आई, वडील, पाच भावंडं, सगळं कुटुंब त्या जहाजावर संपलं होतं. नाव सांगायला मागे कुणीच नव्हतं, बूट होते.

भारतीयांची पत्रं आहेत का? मराठी?

भारतीयांची आहेत, पण सुरुवातीच्या काळात ती बहुधा दुसऱ्याच्या दप्तरात सापडतात. २३ मे १९१४ रोजी कोमागाता मारू हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आलं. बहुतेक पंजाबी शीख, काही मुसलमान आणि हिंदू. मायदेशाहून न थांबता सलग प्रवास करून आलं पाहिजे, असा १९०८ चा नियम पुढे करून त्यांना अडवलं. दोन महिने जहाज बंदरात, अन्नपाण्याची मारामार. २३ जुलैला ते परत हाकललं, आणि कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर गोळीबारात अनेकजण मारले गेले.

या प्रकरणाचा मोठा पत्रव्यवहार व्हँकुव्हर शहराच्या अभिलेखागारात आहे, पण तो प्रवाशांना विरोध करणारे खासदार एच. एच. स्टीव्हन्स यांच्या कागदांत. म्हणजे ज्यांना उतरू दिलं नाही त्यांची हकिगत आपण त्यांना न उतरू देणाऱ्यांच्या फायलीतून वाचतो. ते वाचताना दप्तर कुणाचं आहे हे विसरू नका. दुसरी बाजू गोळा करायचं काम अलीकडे जोमाने चाललं आहे. सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने या जहाजाचे कागद, फोटो आणि आठवणी ऑनलाइन ठेवल्या आहेत. फ्रेझर व्हॅली विद्यापीठाचा दक्षिण आशियाई कॅनेडियन डिजिटल संग्रह तर कुटुंबांचे अल्बम आणि पत्रंही घेतो.

मराठी माणसं प्रामुख्याने १९६७ नंतर गेली, त्या वर्षी गुणांवर आधारित प्रवेशपद्धत आली तेव्हापासून. त्यांची पत्रं अजून घरांतच आहेत. पलंगाखाली, तळघरात, इकडे पुण्या-नाशिकच्या माळ्यावर.

एखाद्याने ‘माझे कागद नष्ट करा’ असं लिहून ठेवलं असेल तर?

मॅकेंझी किंग हे एकवीस वर्षांहून जास्त काळ पंतप्रधान होते. १८९३ पासून १९५० मध्ये मरेपर्यंत त्यांनी रोजनिशी लिहिली : जवळजवळ तीस हजार पानं. मृत्युपत्रात त्यांनी म्हटलं की मी खूण केलेले भाग सोडून बाकी नष्ट करावं. ज्यांच्यावर ते काम सोपवलं होतं त्यांनी ते केलं नाही. आज ती रोजनिशी ऑनलाइन आहे, राजकारण, कुत्र्यांवरचं प्रेम, मेलेल्या आईशी संवाद साधायची धडपड, सगळ्यासकट. देशाच्या दृष्टीने चांगलं झालं असं मलाही वाटतं. तरी शब्द मोडला गेला याची बोच राहते. तुम्हाला तुमचे कागद जाळायचे असतील तर ते स्वतःच जाळावे लागतील.

कुणाचे आवाज या संग्रहांत कमी आहेत?

ज्यांच्याकडून लिहायची सोयच काढून घेतली गेली त्यांचे. आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं, सुमारे दीड लाख मुलांना. त्यांची घरी जाणारी पत्रं शाळेचे लोक वाचत, आणि ती इंग्रजीत लिहावी लागत, जी पुष्कळ आईवडिलांना येत नसे. या शाळांचे कागद आणि तिथून जिवंत बाहेर पडलेल्यांच्या साक्षी आता विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या राष्ट्रीय केंद्रात आहेत. तिथल्या साहित्याबाबत काय दाखवायचं, कुणाला, हे ठरवण्यात त्या समाजांचा शब्द चालतो. संशोधकाने ते मानलं पाहिजे.

उत्तरेकडच्या इनुइट लोकांचे हजारो फोटो राष्ट्रीय अभिलेखागारात होते, खाली नाव नाही, फक्त ‘एस्किमो स्त्री’. २००२ पासून ‘प्रोजेक्ट नेमिंग’ सुरू झाला. फोटो लॅपटॉपवर घालून गावांत नेले, तरुण मुलांनी आपल्या आजी-आजोबांना दाखवले आणि नावं मिळू लागली.

जपानी वंशाच्या कॅनेडियन लोकांचं वेगळं. १९४२ मध्ये किनाऱ्यावरून सुमारे २२,००० जणांना हलवलं आणि त्यांची घरं, होड्या, दुकानं परस्पर विकून टाकली. अनेकांनी सरकारला निषेधाची पत्रं लिहिली. अशी सुमारे तीनशे पत्रं सरकारी फायलींतच दबून होती आणि संशोधकांनी ती बाहेर काढली. सौम्य, व्यवस्थित, नियमाला धरून लिहिलेली. ‘हे घर मी विकायला ठेवलेलं नाही’ एवढाच त्यांचा सूर. सरकारने माफी आणि भरपाई दिली ती १९८८ मध्ये.

भारतात बसून हे पाहता येतं का?

पुष्कळसं. वर सांगितलेल्या सैनिकांच्या फायली, किंग यांची रोजनिशी, टायटॅनिकच्या नोंदी. ‘कॅनडियाना’ या संकेतस्थळावर जुन्या मायक्रोफिल्मची कोट्यवधी पानंही मोफत आहेत, पण ती शब्दाने शोधता येतीलच असं नाही. रीळ उघडून पान उलटत बसावं लागतं. जे स्कॅन झालेलं नाही त्यासाठी ईमेलने विचारा. मागणी नेमकी असेल, म्हणजे फाँचं नाव आणि पेटीचा क्रमांक दिला असेल, तर उत्तर लवकर येतं.

प्रत्यक्ष गेलं तर काय करावं लागतं?

ओळखपत्र दाखवून वाचक-कार्ड काढायचं, ते मोफत असतं. पेट्या आधी मागवून ठेवा, कारण त्या दुसऱ्या इमारतीतून येतात. आत फक्त पेन्सिल. पेन, पाणी, बॅग बाहेर. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि आतला क्रम बदलायचा नाही.

पांढरे हातमोजे घालावे लागतात ना?

कागदासाठी नाही. स्वच्छ, कोरडे हात बरे. मोज्यांनी बोटांची जाणीव बोथट होते आणि पान फाटतं. फोटो आणि निगेटिव्ह हाताळताना मात्र मोजे.

सापडलेलं पत्र छापता येईल?

कागद ज्याच्या ताब्यात आहे तो आणि शब्दांवर ज्याचा हक्क आहे तो, हे दोघे वेगळे असतात. कॅनडात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांचा हक्क २०२२ च्या अखेरीस ७० वर्षांचा झाला, आणि न छापलेल्या जुन्या पत्रांना वेगळे नियम आहेत. छापण्यापूर्वी त्या अभिलेखागारालाच विचारा. ते आनंदाने सांगतात.

आमच्या घरची पत्रं कशी जपावीत?

सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते उलटवता येत नाही. गंजणाऱ्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना अलगद काढा, पण त्या पिनेने जोडलेली पानं कागदात दुमडून एकत्रच ठेवा. रबरबँड काढा. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नका, त्यांची वाफ फोटोंना आणि प्लॅस्टिकला बाधते. माळा तापतो, तळघर ओलसर असतं. घरातलं मधलं, कोरडं कपाट चांगलं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यानंतर दर वर्षी एकदा उघडून कसर, बुरशी बघा.

प्लॅस्टिकची चिकट पानं असलेले १९७०-८० च्या दशकातले अल्बम फोटोंना खातात. त्यातले फोटो सुटत असतील तर काढा, पण आधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या, म्हणजे कोण कुणाशेजारी होतं ते राहील. स्कॅन करताना पत्राच्या दोन्ही बाजू आणि पाकीट. निळ्या एरोग्रामच्या घडीवर आईने शेवटी जागा उरली म्हणून लिहिलेली तिरकी ओळ असते, ती सुटू देऊ नका. आणि फोटोतल्या माणसांची नावं आज विचारा, ज्यांना आठवतात ते असेपर्यंत.

कुठल्या संस्थेला द्यायची असतील तर?

पत्रं कॅनडातल्या आयुष्याबद्दल असतील तर तिकडचा प्रांत किंवा शहर पहिल्यांदा पाहा. ओंटारिओत स्थलांतरितांचे कागद आणि मुलाखती गोळा करायचं काम १९७६ पासून ‘मल्टिकल्चरल हिस्टरी सोसायटी’ने केलं आहे. प्रांतांची आणि विद्यापीठांची अभिलेखागारं मराठीसारख्या भाषांतले कागदही घेऊ शकतात, फक्त एखादा द्विभाषिक परिचय सोबत द्या. दोन्हीकडची पत्रं मिळाली, म्हणजे तिकडून आलेली आणि इकडून गेलेली, तर ती शक्यतो एकाच जागी द्या. देताना लेखी करार होतो. काही वर्षं बंद ठेवा, अमुक पत्र दाखवू नका, अशा अटी त्यात घालता येतात.

आणि आधी फोन किंवा ईमेल करा. पेटी लावून, निवडून, ‘बिनमहत्त्वाचं’ टाकून देऊन मग बोलावू नका. वाणसामानाच्या याद्या, तिकिटांचे तुकडे, न पाठवलेली राखी, जे जसं ज्या गठ्ठ्यात आहे तसंच त्यांना पाहू द्या.